तात्या खरंच जेवायला येतात

आमच्या ग्रुपवर कुणी पदार्थाचा फोटो टाकला आणि खाली ‘या जेवायला’ असं लिहिलं, की थोड्या वेळानं दगडूतात्यांचा आवाज येतो. तात्या टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात. "हॅलो. मी दगडूतात्या बोलतोय. ऐकू येतंय का?" एवढं म्हणून ते थांबतात आणि उत्तराची वाट बघतात. तेवढा वेळ मोबाईलमध्ये मागची कोंबडी तेवढी बोलते. मग समोरून कुणीतरी "हो, येतंय" म्हणालं असं गृहीत धरून तात्या पुढे सांगतात, "आज न्हाई जमायचं. गाडी न्हाई. बुधवारी येतो."

आता मला सांगा, ‘या जेवायला’ हे काय खरं बोलावणं असतं का? आपण दारावरून जाणाऱ्याला "या, चहा घ्या" म्हणतो, तो "आत्ताच झाला" म्हणतो आणि दोघंही आपापल्या वाटेला लागतात. चहा दोघांचाही झालेला नसतो. हे सगळ्यांना कळतं. तात्यांना कळत नाही, असं मला बरेच दिवस वाटत होतं. आता काय वाटतं ते नीट सांगता येत नाही.

मी भोरला ब्लाउज शिवते. मशीनवर बसल्या बसल्या बायकांशी स्वयंपाकावर इतकं बोलणं व्हायचं की नसीमभाभी एकदा म्हणाल्या, याचा ग्रुपच काढ. भाभी माझ्या शेजारच्या गल्लीत राहतात, लग्नाकार्याला बिर्याणीची डेग लावतात. ग्रुपचं नाव ठेवलं ‘रांधा-वाढा’. आमच्या ह्यांनी विचारलं, "आणि उष्टी काढायचा वेगळा ग्रुप आहे का?" त्यांना मी ग्रुपमध्ये घेतलेलं नाही.

ॲडमिन मी. हा मान आहे असं सुरुवातीला वाटायचं. मग कळलं की भाजणीत मेथ्या घालाव्यात की नाही यावर दोन बायका भांडल्या तर फोन मलाच येतो. ग्रुपवर दिवसभर काय चालतं म्हणाल, तर काहीही. एकीचं थालीपीठ फाटत असतं. एकीनं पिवळ्या विटेसारख्या कशाचा तरी फोटो टाकून "हे काय झालंय?" असं विचारलेलं असतं आणि तिला तिघी जणी तीन वेगवेगळी उत्तरं देतात, मग दुपारी ती सांगते की तो ढोकळा होता. मध्येच कुणी गुलाबाचं फूल टाकून सुप्रभात म्हणतं. मी चिडते. त्यावर पाच जणी मलाच सुप्रभात म्हणतात.

अशात एक दिवस तात्या आले. कुणी घातलं कोण जाणे. मी विचारलं, "आपण कोण?" तर आवाज आला, "हॅलो. मी दगडूतात्या. हिर्डोशीच्या वरच्या वाडीतनं बोलतोय. मला तुमच्यात घातलंय." कुणी घातलंय हे राहिलंच. पुरुष माणूस, वय झालेलं, आवाज घाटात हाक मारल्यासारखा. मी म्हटलं, असू दे.

त्यानंतर कुठलीही पाककृती आली की तात्यांचा एकच प्रश्न, "तीन मानसांना किती लागंल?" पाककृती चौघांसाठी आहे असं वर स्वच्छ लिहिलेलं असायचं. तरी तीन. भाभींनी बिर्याणीचं प्रमाण पाच किलोचं दिलं, तात्यांनी विचारलं, तीन मानसांना किती. मी कंटाळून एकदा लिहिलं की चौघांचं प्रमाण असेल तर भागिले चार, गुणिले तीन करा. तात्या म्हणाले, "ते झालं. पर मीठ?"

हे एवढंच असतं तर चाललं असतं. पण तात्यांच्या घरातली माणसं रोज बदलत. सोमवारी ते सांगत, "आजच्या मानसाला पित्त हाय, आंबट चालत न्हाई. काय करू?" आम्ही मुगाची खिचडी सुचवायचो. मंगळवारी सांगत, "आजचा मानूस लई तिखट खातो. ठेचा कसा करायचा?" बुधवारी एकाचा वरचा दात दुखत असायचा, चावता येत नसायचं आणि गुरुवारी त्याच घरात सुक्या बोंबलाची मागणी व्हायची. शुक्रवारी एकाचा संतोषीमातेचा उपवास. आम्ही सगळ्या चक्रावून गेलो. आजचा माणूस म्हणजे काय? कालचा कुठे गेला? पुण्याला राहणारी आमची प्राची, जी फक्त फोटो बघायला ग्रुपमध्ये आहे, तिनं मला वेगळा मेसेज केला, "यांचे जावई रोज बदलतात का?" भाभींचं म्हणणं, हॉटेल असणार. विंझरच्या माने काकूंचं मत, डोक्यावर परिणाम झालाय. मी एकदा सरळ विचारलं, "तात्या, तुमच्याकडे कोण कोण असतं?" तात्या म्हणाले, "आमची मानसं." थांबले. कोंबडी बोलली. "आनि मी."

मग पावसाळा लागला आणि आमच्या लक्षात न येता तात्यांचा दात दुखणारा माणूसही गेला, तिखट खाणाराही गेला. तीन मानसांचा प्रश्न मात्र राहिला. आणि गणपतीनंतर केव्हातरी हे नवीन सुरू झालं, बोलावण्याला उत्तर द्यायचं. शिवाय स्वतःचं बोलणं झालं की शेवटी म्हणायचं, "या मग जेवायला." आम्ही नमस्काराचे हात टाकायचो. आणखी काय टाकणार?

माने काकूंचं प्रकरण झालं ते या काळात.

माने काकूंचं विंझरला घरालाच लागून किराणाचं दुकान आहे. ग्रुपवर त्यांचा दबदबा मोठा, कारण त्यांचे फोटो फार सुरेख येतात. त्या रविवारी त्यांनी अळूवड्यांचा फोटो टाकला. वड्या अशा की गुंडाळीचा एकेक पदर मोजावा. खाली लिहिलं, ‘सर्वांनी या जेवायला’. तात्या म्हणाले, "हॅलो. येतो. मंगळवारी." काकूंनी न ऐकताच वर हसरं तोंड टाकलं.

मंगळवारी भर दुपारी मला काकूंचा फोन. आवाज इतका बारीक की मला वाटलं चोर शिरलाय.

"वैशाली, दारात एक म्हातारा आलाय गं. पिशवी घेऊन. मी म्हटलं कोण पाहिजे? तर म्हणतो, ‘दगडूतात्या. आलो.’ मी म्हटलं, कोण दगडूतात्या? तर म्हणतो, ‘वड्या.’"

"मग?"

"मग काय मग? ओट्यावर बसलाय. माझा मंगळवारचा उपवास, हे पुण्याला गेलेत, घरात चूल पेटलेली नाही. पिशवीत तांदूळ आणलेत आणि एक भोपळा. मी काय करू?"

वाडीतून हिर्डोशीपर्यंत पायी, तिथून भोरची एसटी, भोरहून नसरापूरला, तिथून वेल्ह्याची गाडी पकडून मार्गासनीवरून विंझर. एवढं करून माणूस वड्या खायला आलेला. मी म्हटलं, "काकू, वड्या करा." त्यावर काकूंचा आवाज आणखी बारीक झाला. मग म्हणाल्या, "त्या माझ्या नव्हत्या."

"म्हणजे?"

"फोटो दुसऱ्या ग्रुपवरचा होता. तू कुणाला बोलू नको."

मी कुणाला बोलले नाही. बोलायची गरजच पडली नाही. संध्याकाळी तात्यांनी ग्रुपवर सगळ्यांना सांगितलं, "हॅलो. मी दगडूतात्या. ऐकू येतंय का? विंझरला माने काकूंकडं जाऊन आलो. वड्या न्हवत्या. खिचडी दिली साबुदान्याची. चांगली व्हती. कूट कमी पडला. मानूस लई चांगलं. या मग जेवायला."

माने काकूंनी त्या दिवसापासून फोटो टाकणं बंद केलं. आणि मला सांगितलं की एक तर तात्या ग्रुपमध्ये राहतील, नाहीतर मी. त्यांच्यामागे विंझर आणि मार्गासनीच्या सगळ्या बायका जाणार हे उघड होतं. भाभी म्हणाल्या, "काढून टाक, एक बटण दाबायचं." मी बटणावर बोट नेलं आणि थांबले. एवढ्या लांबून येऊन, खिचडी खाऊन वर चांगली होती म्हणणाऱ्या माणसाला न सांगता काढायचं, हे मला पटेना. सांगून काढायचं तर फोनवर कसं सांगणार? तात्या मध्ये थांबले की मला हसू येतं. म्हणून म्हटलं, समोर जाऊन सांगू, की बाबा, ही बोलण्याची रीत आहे, कुणी खरंच बोलावत नाही, आणि काकूंची माफी मागा, नाहीतर ग्रुप सोडा.

भाभींच्या स्कूटीवर आम्ही दोघी निघालो. दोघींच्या वजनाला ती स्कूटी मुळातच नाराज. धरणाच्या पाण्याकडेनं हिर्डोशीपर्यंत बरी गेली. पुढे वाडीचा रस्ता एका वळणावर निम्मा खाली दरीत गेलेला. पावसाळ्यात दरड आलेली, त्यावर दगड लावून ठेवले होते. स्कूटी निघाली, मोठी गाडी निघाली नसती. वाडीत शिरलो तर घरं बरीच, कुलपं त्याहून बरीच. एका म्हातारीनं आमच्याकडे बघून विचारलं, "तात्याकडं का?" आणि हातानं दाखवलं. आम्ही कुणाकडे आलोय हे तिला कसं कळलं, हा आणखी एक गोंधळ.

तात्या चुलीपुढे होते. मी येणार असं त्यांना कळवलेलं नव्हतं, पण ते जराही दचकले नाहीत. "आला व्हय? हातपाय धुवा," म्हणाले. आणि मी आत पाहिलं तर तीन ताटं मांडलेली होती. तीन पाट, तीन तांबे. भाभींनी माझ्याकडे बघितलं, मी भाभींकडे.

"तात्या, कुणी येणारंय का?"

"तुमी आलाच की."

"पण आम्ही येणार हे तुम्हाला माहीत नव्हतं."

"न्हाई. पर रोज बोलावतो ना म्या. कोनतरी येनारच."

मी घरून वाक्यं पाठ करून आले होते. ती एकदम विस्कटली. आम्ही बसलो. नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी, घरच्या तांदळाचा भात. भाभी हाताच्या चवीच्या बाबतीत फार कडक आहेत, कुणाचं सहजासहजी चांगलं म्हणत नाहीत. त्यांनी दुसऱ्यांदा आमटी मागितली. तात्या वाढताना आमच्या तोंडाकडे बघत होते. "मीठ बरोबर हाय का?" मी म्हटलं, अगदी बरोबर. तेव्हा कुठे ते स्वतः जेवायला बसले.

मग मी विचारलं, "तात्या, ती तुमची माणसं कुठायत? पित्तवाला, तिखटवाला?"

"मुक्कामी गाडीची," तात्या म्हणाले, जणू हे सगळ्या जगाला माहीत आहे. "डायव्हर आनि कंडाक्टर."

आणि मग ते भाकरी मोडत मोडत सांगत गेले. वाडीत रोज संध्याकाळी एसटी मुक्कामाला यायची आणि पहाटे भोरला सुटायची. गाडीची दोन माणसं देवळात झोपायची आणि त्यांचं जेवण वाडीनं करायचं, ही जुनी रीत. घरटी पाळी असायची. पुढे एकेक घर पुण्याला गेलं, पाळ्या कमी होत होत तात्यांच्या बायकोवर आल्या. ती वारली तेव्हा वाडीतले म्हणाले, आता राहू दे, ती माणसं डबा आणतील. तात्यांना ते लागलं. "आपल्या गावात मुक्कामाला आलेला मानूस डबा उघडून खातो? बरं दिसतं का?" म्हणून चुलीपुढे कधी न बसलेला माणूस बसला. पिठलं जमलं. मग रोज पिठलं. शेवटी एका कंडक्टरनं, रोजच्या पिठल्याला कंटाळून, कुणाकडून तरी आलेली आमच्या ग्रुपची लिंक तात्यांच्या मोबाईलवर दाबली. "त्यानंच घातलं मला तुमच्यात. म्हनला, तात्या, जरा शिका."

भाभी हसायला लागल्या. मला हसू आलं आणि मध्येच कुठेतरी गेलं.

"आणि आता गाडी?"

"रस्ता खाली गेला की. आता हिर्डोशीतनंच माघारी फिरती, दिवसाची. मुक्काम न्हाई."

"मग तात्या, रोज तिघांचं कशाला करता?"

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू गोंधळलेली मी आहे, ते नाहीत. "उरलं तर कोंबड्या हायती. एकट्याचं केलं तर मीठ किती टाकायचं त्येच कळत न्हाई मला. कदी खारट, कदी अळनी. तिघांचं हाताला बसलंय. आनि उद्या रस्ता झाला, गाडी आली, तवा सवय मोडलेली असली म्हंजी?" मग पुढे म्हणाले, "तुमच्यात सगळी बोलावत्यात. म्हनलं, इतकी मानसं बोलावत्यात तर जाऊन यावं. आपन गेलो की ती येत्यात. काकू काय म्हनल्या? वड्या झाल्या का?"

मी काय सांगायला आले होते ते तुम्हाला माहीत आहे. ही बोलण्याची रीत आहे, कुणी खरंच बोलावत नाही, एवढं एक वाक्य. पण त्याच माणसाच्या घरी पोटभर जेवून, त्याचंच ताट पुढ्यात असताना, कुणी खरंच बोलावत नाही असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? मला वाईट वाटलं, आणि थोडी लाजही वाटली. मी म्हटलं, "काकूंनी सांगितलंय, पुढच्या वेळी कूट जास्त घालीन." हे धडधडीत खोटं होतं. भाभींनी खाली मान घालून भात कालवला.

निघताना त्यांनी आम्हाला एकेक भोपळा दिला. स्कूटी तिघं बसल्यासारखी नाराज झाली. वळणावर भाभींनी गाडी थांबवली, खचलेल्या रस्त्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "आपण त्याला काढायला आलो होतो ना?" मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "मग आता?" मी म्हटलं, मला काय माहीत.

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं. तात्यांच्या वाडीत मुक्कामी गाडी कशी यायची आणि कशी बंद झाली, तीन माणसं कोण, ताटं किती होती, सगळं. वड्यांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. शेवटी लिहिलं, ‘तात्या ग्रुपमध्येच राहतील. ज्यांना जायचं त्यांनी खुशाल जावं. आणि यापुढे ज्यांना खरंच बोलवायचं असेल त्यांनीच या जेवायला लिहावं.’ कुणी काही बोललं नाही. सुप्रभातवालीसुद्धा नाही. माने काकूंनी वाचलं होतं, ते मला दिसत होतं.

त्यानंतर ग्रुपवर फोटो येत राहिले, पण खाली ‘कसं झालंय सांगा’ एवढंच असायचं. कुणीच कुणाला बोलावेना. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींना किती वेळा बोलावलं होतं आणि कितीदा कुणी गेलं होतं, याचा विचार केला की मला माझ्याच ग्रुपचं काही समजेनासं होई. एकटे तात्या रोज म्हणायचे, "हॅलो. आज चाकवत केलाय. या मग जेवायला." आणि थांबायचे. त्यांच्या बोलण्यातला तो थांबलेला तुकडा मी आधी पुढे ढकलायची. आता पूर्ण ऐकते, मशीन बंद करून.

परवा दुपारी तात्यांचं असंच बोलावणं आलं आणि त्याखाली माने काकूंचा मेसेज आला. बऱ्याच दिवसांनी. ‘येते. मंगळवार सोडून कधीही. वड्या मी घेऊन येते. या वेळी माझ्या हातच्या.’

मी तो दोनदा वाचला. तेवढ्यात भाभींनी खाली लिहिलं, ‘मी आणि वैशालीपण.’ मला विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळपर्यंत तात्यांचं काहीच नाही. मला वाटलं, रेंज गेली असेल. मग आवाज आला.

"हॅलो. मी दगडूतात्या बोलतोय. ऐकू येतंय का?" कोंबडी बोलली. तात्या थांबले, नेहमीपेक्षा जास्त. मग त्यांनी घसा साफ केला. "तुमी तिघी आनि मी. चार मानसं झाली. चार मानसांना मीठ किती लागंल?"